साह्य कोणाच्या नांवानें येतें?

शेतकऱ्यांसाठीं अमुक कोटि रुपये मंजूर झाले, कोळी बांधवांस तमुक सवलत मिळाली, वनांत राहणाऱ्या लोकांस हक्क दिले गेले, अशा बातम्या वर्तमानपत्रांत नेहमीं येतात. त्या वाचून कोणी म्हणतो, सरकार फार देतें. कोणी म्हणतो, कांहींच देत नाहीं. दोघेहि आंकड्यावर भांडतात. आमच्या मतें मुख्य प्रश्न आंकड्याचा नाहीं. सरकारी तिजोरींतून निघालेला रुपया ज्या वाटेनें चालतो, त्या वाटेवर एक दार असतें आणि त्या दाराशीं नांव विचारलें जातें. ज्याचें नांव सरकारी कागदांत सांपडतें तो आंत जातो. शेत, वन व समुद्र या तिन्ही ठिकाणीं हें दार कसें आहे, तें केव्हां बसविलें गेलें आणि त्याच्या बाहेर कोण राहतें, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं या तिहींपैकीं एखादा धंदा आज चालत असेल, किंवा आजोबांच्या वेळेपर्यंत तरी चालत होता. तेव्हां विषय परका नाहीं.

साह्य हा शब्द आम्ही येथें विस्तृत अर्थानें वापरतों. हातांत पैसा ठेवणें हें तर साह्यच. परंतु खत स्वस्तांत विकणें, पंपाची वीज सवलतीनें देणें, पिकास भाव बांधून देणें, भरलेला कर परत करणें, किंवा एखाद्या कारखान्यास सरकारी जंगलांतील माल अल्प किंमतीस उचलूं देणें, हींहि साह्याचींच रूपें होत. शेवटच्या प्रकारास कोणी साह्य म्हणत नाहीं, एवढाच फरक. त्याचा विचार पुढें येईल.

राजसत्तेनें शेतीच्या व्यवहारांत हात घालावा ही कल्पना नवी नाहीं. पवित्र शास्त्रांतील योसेफाची गोष्ट आपण सर्वांनीं ऐकली आहे. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पांचवा हिस्सा कोठारांत भरावा व दुष्काळाच्या सात वर्षांत तो बाहेर काढावा, अशी त्याची योजना होती. शाब्बाथ-शाळेंत ही गोष्ट बहुधा येथेंच संपते. परंतु उत्पत्तीच्या पुस्तकाचा सत्तेचाळिसावा अध्याय ज्यानें लक्षपूर्वक वाचला असेल त्यास पुढचा भागहि ठाऊक असेल. मिसरी लोकांनीं धान्यासाठीं प्रथम पैसा दिला, मग गुरेंढोरें दिलीं, मग जमिनी दिल्या, आणि शेवटीं स्वतःस फारोचे दास करून घेतलें. कोठार भरलेलें होतें हें खरें. पण तें कोणत्या अटीवर उघडलें गेलें, हेंहि शास्त्रानें लपविलेलें नाहीं. त्या सर्व गोंधळांत याजकांच्या जमिनी तेवढ्या वांचल्या, कारण त्यांस फारोकडून ठरलेली नेमणूक होती. म्हणजे त्यांचें नांव आधींपासून वहींत होतें. उलट लेवीयाच्या पुस्तकांत, शेताचे कोनेकोपरे कापूं नयेत व खालीं पडलेला सरवा मालकानें वेंचूं नये, तो गरिबांसाठीं व परदेशीयांसाठीं सोडावा, असा नियम आहे. मवाबी रूथ बवाजाच्या शेतांत सरवा वेंचावयास गेली ती याच रीतीच्या आधारानें. तिच्याजवळ जमीन नव्हती व कोणताहि दाखला नव्हता. ती भुकेली होती व काम करण्यास तयार होती, एवढी पात्रता पुरेशी ठरली.

आपल्या इतिहासांतहि याला मिळताजुळता दाखला आहे. १६७६ सालीं शिवाजी महाराजांनीं प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेलें पत्र आज उपलब्ध आहे. सुभेदारानें गांवोगांव स्वतः फिरावें, ज्या गांवीं जाईल तेथील कुणबी गोळा करावे, कोणाच्या घरीं माणूसबळ असून बैल, नांगर किंवा पोटास दाणे नाहींत हें पाहावें, त्यास बैलांसाठीं रोख पैसा व खावयास धान्य द्यावें, आणि वाढीदिढी न लावतां केवळ मुद्दल, तेंहि त्यास शक्ति आल्यावर हळूहळू वसूल करावें, असा त्या पत्राचा आशय आहे. यांतील दोन गोष्टींकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. अधिकारी शेतकऱ्याकडे जातो, शेतकरी कचेरींत येत नाहीं, ही एक. आणि साह्य कोणास द्यावयाचें हें त्याच्या घरीं काम करणारे हात आहेत पण साधन नाहीं यावरून ठरतें, ही दुसरी.

इंग्रजी अमदानींत जमिनीची मोजणी झाली, प्रत्येक तुकड्यास क्रमांक मिळाला, आणि सारा रोखीनें भरावयाचा असें ठरलें. सारा भरण्यासाठीं कर्ज व तें फेडण्यासाठीं पुन्हां कर्ज, अशा फेऱ्यांत सांपडलेले पुणें व नगर जिल्ह्यांतील शेतकरी १८७५ सालीं सावकारांवर उठले. सुपें येथें मे महिन्यांत आरंभ झालेल्या त्या दंग्यांत त्यांचा रोख मुख्यत्वें सावकारांच्या दस्तऐवजांवर होता. कर्जरोखे हिसकावून जाळण्यांत आले. माणसांपेक्षां कागदावर राग अधिक, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्यानंतर १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला; १८८३ सालीं जमीनसुधारणेच्या कर्जाचा, १८८४ सालीं बीं-बियाणें व बैल यांसाठीं कर्ज देण्याचा, आणि १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा. तगाई हा जुना शब्द या कायद्यांमुळें सरकारी दप्तरांत कायमचा बसला. परंतु ही तगाई मिळण्यास जमीन धारण केलेली असावी लागे. साधन नसलेल्या हातांकडे पाहण्याची जुनी दृष्टि मागें पडून, जमीन कोणाची हा प्रश्न पुढें आला.

त्या प्रश्नाचें उत्तर ज्या कागदावर लिहिलेलें असतें तो सात-बाराचा उतारा होय. हा शब्द आपण सर्वजण रोज ऐकतों, परंतु त्याचा अर्थ परीक्षेंत विचारला तर किती विद्यार्थी बरोबर उत्तर देतील याची आम्हांस शंका आहे. गांवच्या महसुली दप्तरांत अनेक नमुने असतात. त्यांतील सातवा नमुना हक्काचा, म्हणजे जमीन कोणाच्या ताब्यांत आहे, तिजवर कोणाचें कर्ज आहे, इतरांचे हक्क कोणते, हें सांगणारा. बारावा नमुना पिकाचा, म्हणजे त्या जमिनींत त्या हंगामांत काय पेरलें हें सांगणारा. दोन्ही एकत्र करून दिलेला उतारा तो सात-बारा. पूर्वीं पिकाची नोंद गांवचा तलाठी करीत असे. २०२१ सालापासून शेतकऱ्यानें स्वतः आपल्या फोनवरून ती करावी अशी ई-पीक पाहणीची रीत महाराष्ट्रांत सुरू झाली. ज्या घरीं वडिलांस अक्षरओळख बेताची, त्या घरीं हें काम शाळेंत जाणाऱ्या मुलाकडे येतें.

आतां आजचीं साह्यें पाहूं. केंद्र सरकारनें २०१९ सालीं शेतकरी सन्मान निधीची योजना सुरू केली. तींत वर्षास ६,००० रुपये, दोन दोन हजारांच्या तीन हप्त्यांनीं, शेतकरी कुटुंबाच्या बँकेंतील खात्यांत सरळ जमा होतात. महाराष्ट्र सरकारनें २०२३ सालीं आपल्या बाजूनें आणखी तेवढेच रुपये देण्याचें ठरविलें. मध्यस्थ कोणी नाहीं, अर्जाची हेलपाटी थोडी, रक्कम बुडण्याची भीति कमी. या दृष्टीनें योजना चांगली आहे, हें आम्ही मोकळेपणीं म्हणतों. पण शेतकरी कुटुंब म्हणजे काय? ज्याच्या नांवें शेतजमीन आहे तें कुटुंब. दुसऱ्याची जमीन बटाईनें किंवा खंडानें कसणारा, वर्षभर त्याच मातींत राबणारा मनुष्य या व्याख्येंत बसत नाहीं. पाऊस न पडल्यास बुडतें तें त्याचें बियाणें व त्याचे श्रम, पण हप्ता येतो तो मालकाच्या खात्यांत. आणि तो मालक कदाचित् मुंबईस किंवा पुण्यास नोकरीस असतो.

मग बटाईदारानें आपलें नांव उताऱ्यावर कां लावून घेऊं नये, असें कोणी सहज विचारील. याचें कारण मोठें चमत्कारिक आहे, व तें एका चांगल्या कायद्याच्या पोटांतून निघालेलें आहे. १९४८ सालीं मुंबई राज्यांत कूळकायदा झाला, व पुढें १ एप्रिल १९५७ हा कृषिदिन ठरवून त्या दिवशीं जमीन कसणारीं कुळें मालक झालीं असें मानण्यांत आलें. त्यायोगें हजारों कुटुंबांस स्वतःची जमीन मिळाली. पण त्याच दिवसापासून जमीनधारकाच्या मनांत एक धास्ती बसली कीं, कसणाऱ्याचें नांव उताऱ्यावर चढलें तर जमीन गेली. म्हणून आजचा खंड किंवा बटाई तोंडी ठरते, बहुधा एकेका हंगामापुरती. कसणाऱ्याचें नांव कोठेंच लिहिलें जात नाहीं, आणि नांव नाहीं म्हणून पतपेढीचें कर्ज नाहीं, हप्ता नाहीं व नुकसानभरपाईहि नाहीं. २०१६ सालीं नीति आयोगानें खंडाच्या जमिनीविषयीं एक नमुना-कायदा सुचविला. मालकाचा हक्क सुरक्षित ठेवून कसणाऱ्यास साह्य मिळावें असा त्याचा हेतु आहे. नमुना चांगला आहे, पण जमिनीचा विषय राज्यांकडे असल्यामुळें त्याचा स्वीकार करणें न करणें हें राज्यांच्या मर्जीवर राहिलें.

स्त्रियांची गोष्ट याहूनहि निकट आहे. पेरणी, लावणी, निंदणी, कापणी, मळणी यांपैकीं कोणतें काम स्त्रियांवांचून होतें, हें खेड्यांतल्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. तरीहि २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणें साऱ्या देशांत ज्यांच्या नांवें वहिवाट आहे अशा खातेदारांत स्त्रिया १०० पैकीं सुमारें १४ आहेत. नवऱ्याच्या पश्चात् विधवेस वारस म्हणून नोंद करून घेतांना दीर, भाऊबंद व कचेरी यांच्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि तोंवर सारें साह्य थांबतें. १९९० च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनें लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून शेतकऱ्यांस आपल्या जमिनीचा कांहीं भाग पत्नीच्या नांवें करण्याचें आवाहन केलें, व पुष्कळ गांवांतील शेतकऱ्यांनीं तसें केलेंहि. सरकारनें न दिलेली गोष्ट नवऱ्यांनीं आपखुषीनें दिली, ही त्या चळवळीची शोभा.

कोंकणांत अडचण आणखी निराळी. ३ जून १९२० नव्हे, आमच्याच डोळ्यांसमोरच्या ३ जून २०२० या दिवशीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, आणि श्रीवर्धन, दिवेआगर या भागांतील नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारीं आडव्या झाल्या. फळबागांसाठीं हेक्टरीं ५०,००० रुपये साह्य जाहीर झालें. वरवर पाहतां रक्कम लहान नाहीं. पण कोंकणांतील वाडी हेक्टरांत मोजीत नाहींत, गुंठ्यांत मोजतात. आणि एका हेक्टरांत सुमारें १०० गुंठे येतात. तेव्हां पांच गुंठ्यांच्या वाडीच्या वांट्यास सुमारें अडीच हजार रुपये येतात, आणि पोफळ लावल्यापासून उत्पन्न हातीं येण्यास कित्येक वर्षें जावीं लागतात. लोकांनीं ओरड केली तेव्हां झाडागणिक साह्य देण्याचें ठरलें, हें योग्य झालें. पण दुसरी गांठ त्यानें सुटली नाहीं. कोंकणांतल्या एका उताऱ्यावर पणज्यापासूनच्या भाऊबंदांचीं वीस-वीस, तीस-तीस नांवें असतात. त्यांतील निम्मे लोक मुंबईस, कोणी परदेशीं, कोणी दिवंगत. वाडी शिंपतो एक, पण रक्कम घ्यावयास संमति हवी सर्वांची. येथें नांव नाहीं म्हणून साह्य अडत नाहीं. नांवें फार झालीं म्हणून अडतें.

पिकाच्या भावाविषयीं थोडेंच सांगतों. १९६५ सालीं कृषिमूल्य आयोग व अन्न महामंडळ हीं दोन्ही निघालीं, आणि सरकार हंगामापूर्वीं आधारभूत भाव जाहीर करूं लागलें. आज २२ पिकांचे असे भाव ठरतात, उसाचा निराळा. परंतु भाव जाहीर होणें व त्या भावानें माल घेणारा दाराशीं येणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. २०१५ सालीं शांताकुमार समितीनें दाखविलें कीं, या भावाचा प्रत्यक्ष लाभ देशांतील १०० शेतकऱ्यांपैकीं केवळ ६ जणांस होतो. भाजी, कांदा, फळें यांस तर असा भावच नाहीं.

पीकविम्याचा अनुभव मात्र मनोरंजक आहे. २०१६ च्या योजनेंत खरिपाच्या पिकासाठीं शेतकऱ्यानें विम्याच्या रकमेच्या शेंकडा २ इतका हप्ता भरावा असें होतें. महाराष्ट्रानें २०२३ च्या खरिपापासून तो केवळ एक रुपया केला, व उरलेला भार स्वतः उचलला. हेतु उदार, पण एक रुपयांत विमा मिळतो असें होतांच इतरांच्या, एवढेंच काय, सरकारी जमिनींवरहि विमा उतरविल्याचे अर्ज सांपडूं लागले, आणि २०२५ सालीं ती सवलत बंद करावी लागली. खरा कसणारा कागदावर नाहीं आणि खोटा कागदावर आहे, असा हा दुहेरी विपर्यास. २०२५ च्या एप्रिलपासून शेतीखात्याच्या योजनांसाठीं शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला आहे, त्यानें खोटीं नांवें गळतील अशी आशा आहे. मात्र तो क्रमांकहि जमिनीच्या नोंदीशींच जोडलेला आहे, हें आमच्या वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल.

ज्याच्याजवळ जमीनच नाहीं त्यानें काय करावें? या प्रश्नास महाराष्ट्रानें एकदां फार उत्तम उत्तर दिलें, तें येथें सांगितलेंच पाहिजे. विधानपरिषदेचे सभापति वि. स. पागे यांनीं अशी कल्पना मांडली कीं, जो कोणी अंगमेहनतीचें काम मागेल त्यास तें देणें हें सरकारचें कर्तव्य मानावें. सांगली जिल्ह्यांतील तासगांव तालुक्यांत १९६५ च्या सुमारास तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या भयंकर दुष्काळांत ती राज्यभर उपयोगीं पडली, आणि १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला. तिच्या खर्चासाठीं शहरांतील नोकरदार व धंदेवाले यांजवर व्यवसायकर बसविण्यांत आला. या योजनेच्या दारांत उतारा मागत नसत. काम मागणें हीच पात्रता. त्यामुळें भूमिहीन मजूर, विधवा, परित्यक्ता, सर्वांस मजुरी मिळाली, आणि गांवास बांध, तलाव व रस्ते मिळाले. १९९० सालीं तिला फळबाग-लागवडीची जोड मिळाली व कोंकणांतील अनेक वरकस डोंगरांवर आंबा-काजू उभा राहिला. २००५ सालीं साऱ्या देशासाठीं रोजगार हमीचा जो कायदा झाला त्याचें मूळ हेंच. कामावरच्या हजेरीपटांत खोटीं नांवें घालणारे येथेंहि निघाले, पण म्हणून मूळ कल्पनेची थोरवी कमी होत नाहीं.

आतां वनाकडे वळूं. १८७८ च्या व मागाहून १९२७ च्या वनकायद्यानें सरकारनें मोठमोठीं जंगलें राखीव केलीं. त्यापूर्वीं जेथें गांवचीं गुरें चरत व सरपण मिळे, तेथें जाणें गुन्हा ठरला. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या शेतकऱ्याच्या असूडांत जंगलखात्यामुळें गरीब शेतकऱ्याचीं गुरें उपाशीं मरतात अशी तक्रार केली आहे. १९३० सालीं सातारा, कुलाबा इत्यादि जिल्ह्यांत जंगल-सत्याग्रह झाले. उरणजवळच्या चिरनेर येथें त्या वर्षीं सप्टेंबरांत गोळीबार होऊन माणसें मेलीं. स्वराज्य आलें तरी कायदा तोच राहिला. आणि याच काळांत, ज्यास कोणी साह्य म्हणत नाहीं असें साह्य कारखान्यांस मिळत गेलें. माधव गाडगीळ यांनीं दाखवून दिलें आहे कीं, आजच्या कर्नाटकांत कागदाच्या गिरणीस १९५८ सालीं बांबू टनास दीड रुपया या दरानें मिळूं लागला. बाजारांतून बांबू घेऊन सुपें-टोपल्या विणणाऱ्या बुरुडास मात्र त्याची कित्येक पटींनीं अधिक किंमत मोजावी लागे. बुरूड आपलें नांव घेऊन सरकारच्या दारीं गेला नाहीं. गिरणी करारपत्र घेऊन गेली.

या अन्यायाची कबुली २००६ च्या वनहक्क कायद्यानें दिली. कायद्याच्या प्रस्तावनेंतच, वनवासी जमातींवर ऐतिहासिक अन्याय झाला असें म्हटलेलें आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीनें या कायद्यांतील दोन तरतुदी फार मोलाच्या आहेत. कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क, जास्तींत जास्त ४ हेक्टरांपर्यंत, पति व पत्नी या दोघांच्या संयुक्त नांवें द्यावयाचा. शेतजमिनीच्या उताऱ्यावर जें घडवून आणण्यास मोहीम काढावी लागली, तें येथें कायद्यानेंच सांगितलें. दुसरी तरतूद पुराव्याची. ज्या लोकांजवळ पिढ्यान् पिढ्या कागद नव्हता त्यांजकडे कागद मागणें म्हणजे थट्टाच. म्हणून गांवांतील वडीलधाऱ्या मंडळींचें लेखी घेतलेलें निवेदन हाहि पुरावा मानला जातो, आणि दाव्याची पहिली तपासणी ग्रामसभा करते. अर्थात् वरच्या समित्यांकडून दावे फेटाळले जाण्याचे प्रकार पुष्कळ होतात, व आदिवासी नसलेल्या वनवासीयांस तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. तें काम सोपें नाहीं.

या कायद्यानें काय होऊं शकतें याचें उदाहरण गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा हें लहानसें गोंड गांव. २००९ सालीं या गांवास सुमारें १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला तरी तोडलेला बांबू बाहेर नेण्याचा परवाना वनखात्याच्याच हातीं होता, आणि तो कांहीं मिळेना. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांनीं गांवकऱ्यांसह चिकाटीनें मागणी चालू ठेवली. अखेर २०११ च्या एप्रिलांत केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितींत परवान्याचें पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झालें. बांबू तोच, जंगल तेंच, तोडणारे हातहि तेच. पुस्तकावर सही कोणाची एवढेंच बदललें, आणि पूर्वीं मजुरी घेणारें गांव विक्रीची रक्कम घेऊं लागलें. या पैशांस अनुदान म्हणावें काय? आम्हांस वाटतें, म्हणूं नये. सरकारच्या तिजोरींतून यांतली एक पैहि गेली नाहीं.

समुद्राचा सात-बारा नसतो. लाटेवर हद्द आंखतां येत नाहीं, म्हणून येथें नांवाची नोंद बोटीवर होते. बोटीची नोंदणी, मासेमारीचा परवाना व मच्छीमार सहकारी संस्थेचें सभासदत्व हे येथले कागद. महाराष्ट्रांत यांत्रिक बोटींस डिझेलवरील विक्रीकराचा परतावा मिळतो व तो बहुधा या संस्थांच्या द्वारें येतो. तो वेळेवर न येतां महिनोन् महिने थकतो, ही बंदराबंदरांतील तक्रार जुनी आहे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, हें साह्य जाळलेल्या डिझेलच्या प्रमाणांत असतें. ज्याचें एंजिन मोठें त्यास परतावा मोठा. ज्याची होडी वल्ह्यांनीं चालते त्यास शून्य. बोटीवर तांडेल व खलाशी मिळून अनेक माणसें असतात. तीं बहुधा वांट्यावर किंवा पगारावर असतात, व त्यांचें नांव या हिशेबांत कोठेंच येत नाहीं.

याचा परिणाम समुद्रांतील माशांवरहि होतो. स्वातंत्र्यानंतर सरकारनें यांत्रिक बोटींसाठीं कर्जें व अनुदानें दिलीं, तेव्हां लोकांस अधिक अन्न मिळावें हा हेतु होता. पण ट्रॉलरचें जाळें समुद्राचा तळ खरवडीत जातें व लहान पिलेंहि उचलतें. गोव्यांत व सिंधुदुर्गांत किनाऱ्यावरून रापण ओढणारीं कुटुंबें एकत्र मिळून जाळें राखतात आणि मासळी वांटून घेतात. त्यांच्या पुढ्यांतली मासळी ट्रॉलर नेऊं लागले. १९७० नंतरच्या दशकांत गोव्यांतील रापणकरांनीं मोठी चळवळ केली. तिचे एक पुढारी मातान्ही साल्ढाणा हे व्यवसायानें शिक्षक होते, याचा आम्हां शाळेंतल्या मंडळींस विशेष आनंद वाटतो. पुढें १९८० सालीं गोव्यानें व १९८१ सालीं महाराष्ट्रानें सागरी मासेमारीचें नियमन करणारे कायदे केले. सरकारनें एका हातानें साह्य देऊन जें वाढविलें, तें दुसऱ्या हातानें आवरण्याची पाळी आली. जगभर हेंच झालें आहे. म्हणून २०२२ सालीं जागतिक व्यापार संघटनेनें मासेमारीच्या अनुदानांविषयीं एक करार केला व तो २०२५ च्या सप्टेंबरांत अमलांत आला. चोरट्या मासेमारीस व संपत आलेल्या माशांच्या शिकारीस साह्य देऊं नये, असा त्याचा आशय. त्या वाटाघाटींत भारताचें म्हणणें असें होतें कीं, श्रीमंत देशांच्या दूर सागरांत जाणाऱ्या ताफ्यांस व आमच्या किनाऱ्यावरील गरीब कोळ्यास एकाच मापानें मोजूं नये. हें म्हणणें आम्हांस रास्त वाटतें. मात्र तेंच माप आपल्या बंदरांतहि लावलें पाहिजे.

पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींस मासेमारीची बंदी असते. माशांस अंडीं घालण्यास अवसर मिळावा म्हणून ती हवीच. पण त्या ६१ दिवसांत डिझेल जळत नाहीं, म्हणून परतावाहि नाहीं, आणि बोट चालत नाहीं म्हणून खलाशाचा वांटाहि नाहीं. केंद्राच्या २०२० च्या मत्स्यसंपदा योजनेंत बंदीच्या काळासाठीं एक तरतूद आहे: गरीब मच्छीमारानें १,५०० रुपये वर्गणी भरावी, सरकारनें तींत ३,००० रुपये घालावे, व ती रक्कम पडत्या महिन्यांत त्यास मिळावी. रक्कम थोडी आहे, पण ती एंजिनाकडे न पाहतां माणसाकडे पाहते, म्हणून आम्हांस ती परताव्याहून अधिक आवडते. टोपली डोक्यावर घेऊन बाजारांत बसणारी कोळीण मात्र याहि यादींत सहसा नसते. मासे धरतो तो मच्छीमार, अशी समजूत असते. तो मासा विकून घरांत पैसा आणणारी कोण, हें ठरलेलें नाहीं.

२०२५ च्या एप्रिलांत महाराष्ट्र सरकारनें मत्स्यव्यवसायास शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय केला. वीज, कर्ज व विमा यांत शेतकऱ्यास मिळणाऱ्या सवलती मच्छीमारांसहि मिळाव्यात असा त्याचा अर्थ आहे, आणि किनाऱ्यावर त्याचें स्वागत झालें. या निर्णयाप्रमाणें मच्छीमार म्हणून ज्यांचीं नांवें लिहिलीं जातील, त्यांत बोटीच्या मालकाबरोबर खलाशी, रापणकर, खाडींत कालवें काढणाऱ्या बाया आणि मासे विकणाऱ्या कोळणी यांचींहि नांवें घ्यावींत, व तीं घेण्यासाठीं अधिकाऱ्यानें बंदरावर स्वतः जावें, अशी आमची सूचना आहे.